सेप्टिक शॉकमध्ये स्टिरॉइड: भीती किती, अपेक्षा किती?

"डॉक्टर, पेशंटला स्टिरॉइड चालू केलंय का?" २०२१ नंतर आयसीयूच्या दाराबाहेर हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुधा दबक्या, संशयी आवाजात येतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने डोळा किंवा जबडा गमावलेली माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली. त्या आजाराशी स्टिरॉइडचे नाव जोडले गेले आणि ते तसेच चिकटून राहिले. दुसरीकडे याच्या उलटही घडते. पुण्या-मुंबईतला एखादा भाचा मोबाईलवर काहीतरी वाचून येतो आणि विचारतो, "सेप्सिसमध्ये स्टिरॉइडने जीव वाचतो म्हणे, मग आमच्या मामांना अजून का दिलं नाही?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे 'हो' किंवा 'नाही' अशी एका शब्दात देता येत नाहीत, कारण खुद्द डॉक्टरांमध्येच या औषधावर पन्नास वर्षे वाद चालू आहे. गेल्या काही वर्षांत मोठे अभ्यास झाले, मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि वादाचा बराचसा धुरळा खाली बसला. सगळा नाही. आज चित्र कुठे आहे आणि त्याचा तुमच्या पेशंटशी काय संबंध, ते पाहू.

आधी सेप्सिस म्हणजे काय ते

"इन्फेक्शन रक्तात गेलं" असे सेप्सिसचे वर्णन सर्रास केले जाते. ते अर्धवट आहे. संसर्ग फुफ्फुसात असो, लघवीच्या मार्गात, पोटात किंवा पायाच्या जखमेत, त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिक्रियाच बेताल होते आणि शरीराच्या स्वतःच्या अवयवांना इजा करू लागते, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणतात. २०१६ मध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय व्याख्या हेच सांगते. रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत असे नाही. त्यामुळे "ब्लड कल्चर निगेटिव्ह आलं, तरी सेप्सिस कसं म्हणता?" या प्रश्नाचे उत्तरही याच व्याख्येत आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे सेप्टिक शॉक. रक्तवाहिन्या सैल पडतात, शिरेतून पुरेसे सलाइन देऊनही बीपी टिकत नाही, मग नॉरॲड्रेनॅलिनसारखे रक्तवाहिन्या आवळणारे औषध सतत द्यावे लागते. आपल्याकडच्या आयसीयूत याला "पेशंट सपोर्टवर आहे" असे म्हणतात. त्याबरोबर रक्तातले लॅक्टेटही वाढलेले असते. ही व्याख्या तंतोतंत लागू होणाऱ्या पेशंटपैकी जवळपास ४० टक्के किंवा त्याहून जास्त रुग्णालयातच दगावतात. जगभरात २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी संबंधित होते, असा अंदाज २०२० मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक.

स्टिरॉइडचा प्रश्न प्रामुख्याने या शॉकच्या पायरीवर येतो. हे लक्षात ठेवा, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो.

शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. आजारपणात, अपघातात, मोठ्या ऑपरेशनमध्ये हे कॉर्टिसॉल वाढते. ते दाह आटोक्यात ठेवते आणि बीपी वाढवणाऱ्या रसायनांना रक्तवाहिन्यांनी नीट दाद द्यावी अशी व्यवस्था करते. गंभीर सेप्सिसमध्ये काही पेशंटच्या ग्रंथी गरजेइतके कॉर्टिसॉल बनवू शकत नाहीत, किंवा बनलेले कॉर्टिसॉल पेशींवर पुरेसे काम करत नाही. मग नॉरॲड्रेनॅलिनचा डोस वाढवत गेले तरी बीपी हलत नाही.

हायड्रोकॉर्टिसोन हे इंजेक्शन म्हणजे हेच कॉर्टिसॉल, कारखान्यात बनवलेले. जिममध्ये स्नायू फुगवायला घेतात ती स्टिरॉइड वेगळ्या जातीची, त्यांचा इथे संबंध नाही. या नावाने बराच घोटाळा केला आहे.

डोसची गोष्ट

हा इतिहास थोडा सविस्तर सांगतो, कारण आजची भीती आणि आजची आशा या दोन्हींची मुळे त्यात आहेत.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम शूमर या सर्जननी १७२ पेशंटचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसते सलाइन दिलेल्या गटात ३८ टक्के दगावले, स्टिरॉइड दिलेल्या गटात १० टक्के. आकडे इतके डोळे दिपवणारे होते की पुढची दहा वर्षे सेप्टिक शॉक म्हटले की स्टिरॉइड असा शिरस्ताच पडला. पण डोस बघा: किलोमागे ३० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन. ६० किलोच्या माणसाला १८०० मिलिग्रॅम. आजच्या हायड्रोकॉर्टिसोनच्या हिशेबात ते सुमारे ९००० मिलिग्रॅम होतात. आज दिवसाला देतात २०० मिलिग्रॅम. म्हणजे तेव्हाचा एक डोस आजच्या पूर्ण दिवसाच्या पंचेचाळीस पट होता.

१९८७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले आणि दोन्हींनी हा फुगा फोडला. भारी डोसने जीव वाचत नव्हते. एका अभ्यासात तर ज्यांची मूत्रपिंडे आधीच बिघडली होती अशा पेशंटमध्ये स्टिरॉइडच्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि नंतर जडलेल्या दुसऱ्या संसर्गाने झालेले मृत्यूही जास्त होते. स्टिरॉइड अडगळीत गेले. "स्टिरॉइडने इन्फेक्शन वाढतं" हे वाक्य डॉक्टरांच्या एका पूर्ण पिढीच्या डोक्यात बसले ते त्या डोसमुळे.

मग २००२ मध्ये फ्रान्समधल्या जिलाली अनान यांच्या गटाने वेगळा प्रश्न विचारला: शरीर ताणाच्या वेळी स्वतः बनवते साधारण तेवढेच स्टिरॉइड बाहेरून दिले तर? ३०० पेशंट, दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोन नावाची एक छोटी गोळी, सात दिवस. ज्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी चाचणीला नीट प्रतिसाद देत नव्हत्या त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू ६३ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर आले. पुन्हा आशा जागली. २००८ मध्ये ४९९ पेशंटच्या युरोपीय 'कॉर्टिकस' अभ्यासाने पुन्हा पाणी ओतले: शॉक लवकर उतरतो, पण मृत्यू कमी होत नाहीत, आणि नवे संसर्ग काहीसे जास्त दिसतात.

तुमच्या ओळखीतले दोन डॉक्टर या विषयावर दोन वेगळी मते देत असतील, तर त्यांनी आपापले शिक्षण कोणत्या दशकात घेतले ते विचारा. अर्धे उत्तर तिथेच मिळेल.

२०१८: एकाच अंकात दोन निकाल

१ मार्च २०१८ ला त्याच नियतकालिकात पुन्हा दोन मोठे अभ्यास शेजारी-शेजारी छापून आले. या वेळी त्यांचे एकमेकांशी पटले नाही.

पहिला 'ॲड्रिनल'. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, डेन्मार्क, सौदी अरेबिया या देशांतले सुमारे ३८०० पेशंट, सगळे व्हेंटिलेटरवर आणि शॉकमध्ये. निम्म्यांना दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून सतत, सात दिवसांपर्यंत. उरलेल्यांना औषध नसलेले तसेच दिसणारे द्रावण. नव्वद दिवसांनी स्टिरॉइडच्या गटातले २७.९ टक्के आणि दुसऱ्या गटातले २८.८ टक्के दगावले होते. हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. पण शॉक उतरायला मध्यमानाने चारऐवजी तीन दिवस लागले, आणि आयसीयूतून बाहेर यायला बाराऐवजी दहा.

दुसरा फ्रेंच, 'अप्रोश'. १२४१ पेशंट, हायड्रोकॉर्टिसोनबरोबर फ्लुड्रोकॉर्टिसोन. नव्वद दिवसांनी ४३ टक्के विरुद्ध ४९.१ टक्के. म्हणजे शंभर पेशंटमागे सहा जीव वाचले, आणि हा फरक योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता.

एकाने म्हटले जीव वाचत नाही, दुसऱ्याने म्हटले वाचतो. असे का? फ्रेंच अभ्यासातले पेशंट जास्त अत्यवस्थ होते. दुसऱ्या गटातला मृत्युदरच पाहा, २९ विरुद्ध ४९. त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण जास्त होते. इंजेक्शन सतत न देता दर सहा तासांनी दिले होते. आणि ती फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी होती. यातले नेमके कशाने काम केले, हे या दोन अभ्यासांवरून सांगता येत नाही.

माझ्या मते या सगळ्या भांडणात एक गोष्ट झाकली गेली. दोन्ही अभ्यासांत, आणि त्याआधीच्या 'कॉर्टिकस'मध्येही, एका बाबतीत मतभेद नाही: कमी डोसच्या स्टिरॉइडने सपोर्ट लवकर सुटतो. आयसीयूतले दोन दिवस वाचणे ही किरकोळ बाब नाही. नळ्या लवकर निघतात, माणूस लवकर बसता होतो. आपल्याकडे, जिथे आयसीयूचे बिल पुष्कळदा कर्ज काढून किंवा दागिने मोडून भरले जाते, तिथे तर नाहीच. आणि हे औषध आयसीयूतल्या इतर औषधांच्या तुलनेत स्वस्त आहे.

आज सूचना काय सांगतात

'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या २०२१ च्या सूचनांनुसार, सेप्टिक शॉकमध्ये असलेल्या आणि सपोर्टची गरज कायम असलेल्या प्रौढांना शिरेतून स्टिरॉइड द्यावे. डोस दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. वेळही साधारण ठरवली आहे: नॉरॲड्रेनॅलिनचा डोस मिनिटाला किलोमागे ०.२५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त लागत असेल आणि ते सुरू करून किमान चार तास झाले असतील तेव्हा. सूचनेची ताकद मात्र 'कमकुवत' अशी नोंदवली आहे. याचा अर्थ सल्ला चुकीचा आहे असा नाही; बहुतेकांना द्यावे, पण पेशंट पाहून डॉक्टरने वेगळे ठरवले तर तेही समजण्यासारखे आहे, असा आहे.

(पंपावर दिसणारा आकडा बहुधा तासाला किती मिलिलिटर एवढेच सांगतो. औषध किती पातळ केले आहे त्यावर तो अवलंबून असतो. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा पंप चारवर आणि आपला आठवर, म्हणून आपला दुप्पट गंभीर, असा हिशेब करून रात्र काढू नका.)

२०२४ मध्ये अमेरिकेच्या 'सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन'ने आपल्या सूचना ताज्या केल्या. सेप्टिक शॉकमध्ये स्टिरॉइड द्यावे असे त्यांनीही सुचवले, आणि भारी डोस थोड्या दिवसांसाठी, म्हणजे दिवसाला ४०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा जास्त आणि तीन दिवसांपेक्षा कमी, देऊ नका असे ठामपणे बजावले. १९७६ चा डोस अशा रीतीने अधिकृतपणे बाद झाला.

फ्लुड्रोकॉर्टिसोनचा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०२३ मध्ये सतरा अभ्यासांतल्या ७८८२ पेशंटची माहिती एकत्र करून पाहिली गेली. एकट्या हायड्रोकॉर्टिसोनचा मृत्यूवर झालेला परिणाम इतका लहान होता की तो खात्रीचा म्हणता येईना. फ्लुड्रोकॉर्टिसोनची जोड होती तिथे फायदा जास्त दिसला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ८८ हजारांहून अधिक पेशंटच्या नोंदींतही जोडीचे पारडे थोडे जड निघाले. पण त्या नोंदी होत्या. कोणाला कोणते औषध मिळेल हे तिथे चिठ्ठी टाकून ठरवलेले नव्हते. २०१० मध्ये चिठ्ठी टाकून केलेल्या ५०९ पेशंटच्या फ्रेंच अभ्यासात या गोळीने खात्रीलायक फरक पडला नव्हता. शिवाय गोळी नाकातल्या नळीतून पोटात जाते, आणि शॉकमध्ये आतड्याचा रक्तपुरवठाच कमी झालेला असतो. म्हणून तुमच्या रुग्णालयात ती देत असोत वा नसोत, दोन्हींमागे तर्क आहे. त्यावरून डॉक्टरशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

न्यूमोनियाचेही असेच. २०२३ च्या फ्रेंच 'केप कॉड' अभ्यासात गंभीर न्यूमोनियाच्या, पण शॉक नसलेल्या पेशंटमध्ये हायड्रोकॉर्टिसोनने २८ दिवसांतले मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आणले. नंतर 'रीमॅप-कॅप' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मात्र गंभीर न्यूमोनियात असा फायदा दिसला नाही. इन्फ्लुएंझामुळे झालेला न्यूमोनिया 'केप कॉड'मध्ये मुळातच वगळला होता, हेही ध्यानात असू द्या.

मग म्युकरचे काय?

कोविडमध्ये स्टिरॉइड द्यायला आधार होता. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' अभ्यासाने जून २०२० मध्ये दाखवले की दिवसाला ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र फायदा झाला नाही; आकडे उलट्या दिशेला झुकलेले होते. संदेश स्पष्ट होता: ठरावीक पेशंटला, ठरावीक डोस, ठरावीक दिवस.

२०२१ मध्ये आपल्याकडे घडले ते बऱ्याच ठिकाणी याच्या विरुद्ध होते. ऑक्सिजन ९७ असलेल्या माणसांनी घरीच गोळ्या सुरू केल्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रिस्क्रिप्शनांवर स्टिरॉइड होते. काही जागी डोस कितीतरी पट आणि तीन-तीन आठवडे चालला. त्यात मधुमेहाचे मोठे प्रमाण आणि ताब्यात नसलेली साखर. जुलै २०२१ पर्यंत देशात म्युकरचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. स्टिरॉइडशिवाय म्युकर झालेलेही होते, पण अतिरेकी स्टिरॉइड आणि बेलगाम साखर ही जोडी त्यातल्या मोठ्या वाट्याला कारण होती.

सेप्टिक शॉकमधले सात दिवसांचे २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन हे साधारण साडेसात मिलिग्रॅम डेक्सामेथासोनच्या बरोबरीचे. साखर तासातासाला तपासली जाते, इन्सुलिनचा पंप शेजारी असतो. म्हणून "कोविडात स्टिरॉइडने वाट लावली, आता नको" हा निष्कर्ष मला पटत नाही. पण सावधगिरीची मागणी शंभर टक्के पटते, विशेषतः पेशंटला मधुमेह असेल तर.

धोके आहेतच. साखर जवळजवळ नेहमी वाढते. रक्तातले सोडियम वाढू शकते. स्नायूंची ताकद कमी होऊ शकते. आयसीयूतून बाहेर आल्यावर खाटेवरून उठताना पाय थरथरतात त्याला आजार, अंथरुणावरचे दिवस आणि काही प्रमाणात स्टिरॉइड अशी सगळीच कारणे असतात. काही जण गोंधळल्यासारखे, झोप उडाल्यासारखे वागतात. नव्या संसर्गाबाबत अभ्यासांचे एकमत नाही: 'कॉर्टिकस'मध्ये जास्त, 'ॲड्रिनल'मध्ये फरक नाही. आपल्या आयसीयूंमध्ये औषधांना दाद न देणारे जंतू पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यामुळे तिकडचा दिलासा जसाच्या तसा इथे लावताना मी थोडा हात राखून असतो. शॉक उतरला की स्टिरॉइड विनाकारण लांबवू नये, याचा आग्रह त्यासाठीच. दोन्ही मोठ्या अभ्यासांत ते सात दिवसांत, डोस हळूहळू कमी न करता थांबवले होते. थांबवल्यावर एखाद्याचे बीपी पुन्हा घसरू शकते, म्हणून त्या दिवसांत लक्ष ठेवावे लागते.

कुठे देऊ नये

सेप्सिस आहे पण शॉक नाही, अशा वेळी शॉक टाळण्यासाठी म्हणून स्टिरॉइड देण्याचा प्रयोग जर्मनीत ३८० पेशंटवर झाला. २०१६ मध्ये निकाल आला: शॉकमध्ये जाणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे. म्हणजे बीपी ठीक असलेल्या पेशंटला "आत्ताच का देत नाही" या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा हे असते.

काही आजारांत तर ते नुकसान करते. मेंदूच्या मलेरियात डेक्सामेथासोन दिल्याने बेशुद्धी उलट लांबते, हे थायलंडमधल्या १९८२ च्या अभ्यासाने दाखवले. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या पट्ट्यात ही माहिती आजही कामाची आहे. उलट क्षयाच्या मेंदूज्वरात स्टिरॉइड उपचाराचा भागच असते. एकाच औषधाबद्दल संसर्गागणिक वेगळा नियम आहे, म्हणून आधी संसर्ग कोणता ते शोधणे महत्त्वाचे.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. तापाच्या पेशंटला दवाखान्यात 'ताप उतरवायला' डेक्साचे इंजेक्शन मारण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ताप उतरतो, माणसाला हुशारी वाटते, घरचे निश्चिंत होतात. खालचा संसर्ग मात्र आपले काम करत असतो. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे पेशंट असे एक-दोन दिवस हातचे घालवून येतात. इंजेक्शन कसले दिले ते कागदावर लिहून मागा. लघवी कमी होणे, धाप लागणे, बरळणे, हातपाय गार पडणे, असे काही असेल तर ताप उतरला आहे की नाही याला महत्त्व नाही, रुग्णालयात न्या. सेप्टिक शॉकमध्ये अँटिबायोटिक पहिल्या तासात सुरू व्हावे, अशी सूचना आहे. गळू असेल तर तो मोकळा करणे, पित्तनलिका तुंबली असेल तर ती उघडणे, हेही तातडीचे. ही कामे वेळेत झाली नाहीत तर स्टिरॉइड त्यांची भरपाई करू शकत नाही.

आधीपासून स्टिरॉइड घेणारे

वरचा सगळा वाद ज्यांना लागू नाही असा एक गट आहे. दमा, संधिवात, त्वचेचे विकार, मूत्रपिंडाचे काही आजार, अवयव प्रत्यारोपण अशा कारणांनी जे तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेत आहेत, त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असू शकतात. बाहेरून मिळते म्हणून त्यांनी काम कमी केलेले असते. अशा माणसाला सेप्सिस झाला आणि स्टिरॉइड अचानक तुटले, तर नुसत्या त्या कमतरतेनेही बीपी कोसळू शकते. त्यांना हायड्रोकॉर्टिसोन द्यावेच लागते, तिथे 'देऊ की नको' हा प्रश्न नसतो.

अडचण अशी की पुष्कळांना आपण स्टिरॉइड घेतो हे माहीतच नसते. गुडघेदुखीवर कुठल्याशा वैदूकडून आणलेल्या पुड्या, दम्यावरचे 'खात्रीशीर' चूर्ण, नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या. अशा औषधांत स्टिरॉइड मिसळलेले वारंवार आढळले आहे. चेहरा गोल सुजल्यासारखा, कातडी पातळ, जरा लागले की काळेनिळे डाग, आणि "या पुडीनं लगेच आराम पडतो" असा अनुभव असेल तर शंका घ्यावी. डॉक्टर ओरडतील म्हणून घरचे हे लपवतात. लपवू नका, या एका माहितीवर पुढच्या काही तासांचे उपचार बदलू शकतात.

आयसीयूच्या डॉक्टरांना भेटायला मिळतात ती पाच मिनिटे. स्टिरॉइडबद्दल विचारायचे असेल तर एवढे विचारा: पेशंट शॉकमध्ये आहे का आणि सपोर्ट वाढतोय की कमी होतोय? संसर्ग नेमका कुठे आहे आणि तो काढून टाकण्यासारखा आहे का? स्टिरॉइड चालू असेल तर कोणते, किती, आणि कोणत्या दिवशी थांबवायचा विचार आहे? साखर किती राहते आहे? चालू नसेल तर कारण काय? हायड्रोकॉर्टिसोनसाठी सहसा वेगळी सही घेत नाहीत, त्यामुळे तुम्ही विचारल्याशिवाय हा विषय निघेलच असे नाही.

आणि त्याआधी घरी कुणाला तरी पाठवून पेशंटची औषधे मागवून घ्या. उशाखालची पाकिटे, फ्रिजमधले इन्सुलिन, दम्याचा पंप, देवळीतली पुडी, मलमाची ट्यूब, सगळे एका पिशवीत. नावे आठवून सांगण्यापेक्षा ती पिशवीच ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा.